आवळायचं कसं आणि सोडायचं कसं: शाळकरी मुलीपासून आजीपर्यंत, ओटीपोटाच्या तळाची फिजिओथेरपी

कंबरदुखीसाठी आलेली बाई तपासून होते, व्यायाम शिकून होतात, पुढची तारीख ठरते आणि मग दारात चप्पल घालता घालता ती थांबते, "मॅडम, अजून एक होतं, पण राहू दे." मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हे "राहू दे" इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच तिला परत आत बसवते. शिंकलं, खोकलं, जोरात हसलं, बादली उचलली की लघवीचे थेंब येतात. किंवा संध्याकाळपर्यंत अंग खाली आल्यासारखं वाटतं, जड जड. किंवा संबंध येताना इतकं दुखतं की तो विषयच नको होतो. कधीपासून विचारलं तर "धाकट्याच्या बाळंतपणापासून", आणि धाकटा आता कॉलेजला असतो. एवढी वर्षं ती बाई साडीत कापड घडी करून ठेवून लग्नाकार्याला जाते आणि कोणाला काही बोलत नाही.

हे आजचं नाहीये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आपल्याकडे दुखणं मोठं आणि बोलणं छोटं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितेय, शक्यतो घरी करता येईल अशा पायऱ्यांनी.

आधी हे नक्की आहे काय

पुढे जिथे केस असतात त्याच्या मागचं हाड आणि मागे माकडहाड, या दोघांमध्ये आणि बाजूला बसायच्या हाडांपर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळं त्या झोळीवर टेकलेलं असतं आणि त्याच झोळीतून तीन वाटा बाहेर येतात, लघवीची, योनीमार्गाची आणि शौचाची. झोळीने वर धरून ठेवायचं, वाटा आवळून बंद ठेवायच्या आणि वेळ आली की पूर्ण सोडायच्या, ही तिन्ही कामं तिचीच. तिसरं काम लोक विसरतात, आणि माझ्या मते अर्धा घोळ तिथेच होतो.

झोळीचं आणि श्वासाचं घट्ट नातं आहे. श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा खाली सरकतो, पोटात दाब वाढतो, झोळी किंचित खाली जाते आणि सैल होते. श्वास सोडला की ती वर येते. म्हणून श्वास रोखून हंडा उचलला, श्वास रोखून शौचाला जोर केला की सगळा दाब सरळ झोळीवर येतो, एकदा नाही, रोज, वीस वीस वर्षं.

या स्नायूंचे व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडले म्हणून त्यांना केगल म्हणतात. आपल्याकडे योगात मूलबंध आहेच, तो बऱ्याच जणींना ऐकून माहीत असतो. पण ऐकून केलेला व्यायाम बरोबर होतोच असं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला, तर नीट जमला साधारण निम्म्यांना, आणि चौथा हिस्सा बायका अशा प्रकारे करत होत्या की गळती उलट वाढू शकेल. म्हणजे त्या आत ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होत्या. त्यामुळे व्हिडिओ बघून रोज शंभर केगल करणाऱ्या मैत्रिणींनो, प्लीज आधी पुढचं वाचा.

पायरी पहिली: स्नायू सापडू दे

पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर. पोट सैल, जबडासुद्धा सैल (दात आवळले की खालीही आवळलं जातं, करून बघा). आता चारचौघांत बसलोय आणि वारा सरतोय, तो अडवायचाय अशी कल्पना करा. मागची वाट आवळा, तिथून तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत वर उचला. श्वास चालू हवा. मांड्या, कुल्ले हलले, पोट फुगलं किंवा श्वास अडकला तर जोर चुकीच्या ठिकाणी लागतोय.

खात्री करायला छोटा आरसा घ्या. आवळल्यावर योनी आणि शौचाची वाट यांमधली जागा आत, वर सरकली पाहिजे. बाहेर फुगत असेल तर थांबा, घरी पुढे करू नका, कोणाला तरी दाखवा. लघवी मध्येच थांबवून व्यायाम करायचा सल्ला अजून फिरतो, तो रोजचा व्यायाम म्हणून करायचा नसतो, त्याने लघवी पूर्ण न होण्याची सवय लागू शकते.

पायरी दुसरी: आधी सोडायला शिका

हे मी मुद्दाम आवळण्याच्या आधी ठेवलंय. काही जणींची झोळी ढिली नसते, उलट कायम ताठ असते, मूठ वळून ठेवल्यासारखी. दिवसभर मूठ वळलेल्या हाताने काही उचलता येतं का? तसंच आहे हे. संबंधाच्या वेळी दुखणं, मेन्स्ट्रुअल कप आत न जाणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, कायमची बद्धकोष्ठता, माकडहाडात दुखणं, अशी लक्षणं असतील तर केगल करून त्रास वाढू शकतो. या बायकांनी आवळण्याचे व्यायाम बाजूला ठेवून आधी फक्त हे करायचं: एक हात छातीवर, एक पोटावर, नाकाने सावकाश श्वास, पोट वर येऊ दे, आणि श्वास आत जाताना खालची जागा फुलाच्या पाकळ्यांसारखी पसरतेय असं मनात आणा. ढकलायचं नाही, नुसतं सुटू द्यायचं. दिवसातून दोनदा पाच मिनिटं. बालासनात किंवा भिंतीला पाठ टेकून, कुल्ल्यांखाली उशी घेऊन उकिडवं बसून केलं तर अजून चांगलं सुटतं.

पायरी तिसरी: आवळणं

जितके सेकंद खरोखर धरता येतं तिथून सुरू करा, तीन तर तीन. धरा, मग निदान तेवढाच वेळ पूर्ण सोडा, सुटलंय हे जाणवल्याशिवाय पुढचं सुरू करू नका. असं ८ ते १० वेळा. हळूहळू ६ ते ८ सेकंदांपर्यंत, पुढे १० पर्यंत न्या. त्यानंतर १० वेळा झटकन आवळून लगेच सोडायचं, कारण शिंक काही सेकंद थांबत नाही, तिच्यासाठी चपळ स्नायू लागतात. दिवसातून तीनदा. पहिले दोन आठवडे झोपून, मग बसून, मग ओट्याशी उभं राहून. फरक कळायला तीन महिने द्यावे लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडतात, हे माझं रोजचं दुःख आहे.

यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे वेळेवर वापरणं. शिंक येतेय कळलं की आधी आवळा, मग शिंका. बादली, गॅस सिलिंडर, नातू, काहीही उचलताना आवळा आणि फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत उचला. एवढ्या एका सवयीने काही जणींची गळती पहिल्या काही आठवड्यांत कमी झालेली मी बघितलीये.

पायरी चौथी: मूत्राशयाची सवय

घरातून निघताना "जाऊन येते एकदा", पोचल्यावर परत एकदा, निघताना परत. मुंबईत लोकलने जाणाऱ्या बायका तर सकाळपासून पाणीच पीत नाहीत कारण रस्त्यात टॉयलेट मिळेल की नाही, मिळालं तर आत पाय ठेवता येईल की नाही. मुंबईत राइट टू पी ही मोहीम उभी राहिली ती याच कारणाने आणि मला तो आरोग्याचाच प्रश्न वाटतो. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई उलट वाढते, शिवाय इन्फेक्शनची भीती.

तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेले, साधारण किती झाली, काय प्यायले, कधी गळली. दिवसा दर तीन-चार तासांनी जाणं ठीक. तुम्ही दर तासाला जात असाल तर पहिल्या आठवड्यात सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड, असं १५-१५ मिनिटांनी वाढवा. घाई झाली की धावायचं नाही, धावताना दाब वाढतो आणि तिथेच गळते. थांबा, जमलं तर बसा, पाच-सहा वेळा झटकन आवळा, लांब श्वास सोडा, लाट ओसरू द्या आणि मग चालत जा. चहा पाच कपांचा दोनवर आणून बघा. पण हे सगळं सुरू करायच्या आधी एकदा लघवीची आणि साखरेची तपासणी करा, इन्फेक्शन किंवा मधुमेहाची घाई व्यायामाने जात नाही.

बसायचं कसं हेही सांगते. बाहेरच्या टॉयलेटमध्ये आपण अधांतरी वाकून करतो, तेव्हा मांड्या आणि झोळी ताठ राहतात आणि लघवी आत उरू शकते. टिश्यू टाका, पुसून घ्या, पण शक्य तिथे बसा. घरी कमोड असेल तर शौचाच्या वेळी पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, उकिडवं बसल्यासारखं. आणि कुंथायचं नाही, तोंड थोडं उघडं ठेवून "हाऽऽ" करत श्वास सोडायचा.

आता वयाप्रमाणे

शाळकरी मुलींना केगल शिकवायची सहसा गरज नसते. त्यांचा प्रश्न शाळेचं घाणेरडं टॉयलेट, सकाळी सात ते दुपारी दोन रोखून धरलेली लघवी आणि बद्धकोष्ठता. कबड्डी, व्हॉलीबॉल, लांब उडी खेळणाऱ्या मुलींची खेळताना गळती होऊ शकते आणि लाजेने मुली खेळ सोडतात, आईने आणि कोचने एवढं माहीत असू द्यावं की यावर उपाय आहे.

लग्नानंतर संबंध जमतच नाहीत, स्नायू आपोआप घट्ट मिटतात, याला व्हजायनिस्मस म्हणतात. घरात मात्र "तिला इच्छाच नाही" किंवा "अजून पाळणा नाही" एवढंच ऐकू येतं. ती मुद्दाम करत नसते, डोळ्याजवळ हात आला की पापणी मिटते तसं ते आहे. श्वास, सोडण्याचे व्यायाम, मग स्वतःच्या बोटाने किंवा लहानापासून मोठ्या होत जाणाऱ्या डायलेटरने (योनीत घालायच्या गुळगुळीत नळ्या) हळूहळू सवय, आणि नवऱ्याला बरोबर बसवून समजावणं. गरज पडली तर समुपदेशक. यातून खूप मुली बाहेर येतात.

गरोदरपणात डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं की व्यायाम सुरू करावेत. आधी गळती नसलेल्या बायकांनी गरोदरपणात लवकर व्यायाम सुरू केला तर शेवटच्या महिन्यांत गळतीचं प्रमाण कमी दिसतं, हे बऱ्याच अभ्यासांतून आलंय. पण सातव्या-आठव्या महिन्यापासून मी आवळण्याइतकाच वेळ सोडण्याला देते, कारण कळा देताना बाळाला वाट हवी असते, आवळलेली झोळी नाही. साधारण ३५ व्या आठवड्यापासून योनी आणि शौचाच्या वाटेमधल्या जागेला रोज काही मिनिटं तेलाने हलका ताण देण्याचा मसाज असतो, पहिलटकरणीला त्याने टाक्यांची वेळ येण्याचं प्रमाण कमी होतं. वार खाली असेल, इन्फेक्शन असेल, रक्तस्राव झाला असेल तर नाही, आणि कोणालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना हा आपल्याकडे खूप चांगला रिवाज आहे, तो कोणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं. आराम, मालीश, गरम जेवण, सगळं हवं. डिंकाचे, हळिवाचे लाडू खा, पण बरोबर पाणी आणि भाज्याही खा, शौचाला कडक झालं की टाक्यांवर आणि झोळीवर जोर येतो. फक्त पोट बांधण्याबद्दल मी आजी-मावशींशी गोडीत भांडते. करकचून बांधलं की दाब जातो कुठे, खालीच, जिथे आधीच टाके आणि सूज आहे. आधारापुरता सैलसर पट्टा चालतो, झोपताना काढा.

पहिल्या आठवड्यात नुसता पोटाने श्वास, आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघून लघवी नीट व्हायला लागली की दुखणार नाही इतकं हलकं आवळणं. ६ आठवड्यांनी तपासणी. पोटाचे स्नायू मधून वेगळे झालेत का हे घरी बघता येतं: पाठीवर झोपून डोकं किंचित उचला, बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं ठेवा, दोन बोटांपेक्षा जास्त खड्डा असेल तर क्रंचेस अजिबात नको, आधी दाखवा. धावणं, दोरीच्या उड्या, झुंबा निदान तीन महिने थांबू दे, आणि तेव्हाही गळती किंवा जडपणा असेल तर अजून थांबा. "माझं सिझर झालं, मला याची गरज नाही" असं खूप ऐकते. नऊ महिने वजन झोळीवरच होतं ना? तुम्हालाही गरज आहे, शिवाय जखम पूर्ण भरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, व्रणाचा मसाज शिकून घ्या, पोटाची हालचाल मोकळी होते. आणि प्रसूतीत शौचाच्या वाटेपर्यंत फाटलं असेल, वारा किंवा शौच रोखता येत नसेल, तर वाट बघू नका, लगेच तपासणी करून घ्या.

तिशी-चाळिशीत येतो कष्टाचा भाग. हंडे, सिमेंटची घमेली, उसाच्या मोळ्या. बाळंतपणानंतर काही दिवसांत शेतात उतरलेल्या बाईला "जड उचलू नका" सांगणं सोपं आहे, तिचं पोट त्यावर आहे, म्हणून तिला उचलायची पद्धत शिकवायची: वजन अंगाशी धरा, गुडघ्यांतून उठा, उठताना श्वास सोडा, दोघींनी मिळून चढवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बातम्या वाचताना मला राहून राहून वाटत होतं, पांढरं जातं, अंग जड वाटतं, ओटीपोट दुखतं, यातल्या किती जणींना त्याआधी साधा इलाज मिळाला असेल? पिशवी काढणं काही वेळा खरंच लागतं. पण लघवी गळण्यावर तो इलाज नाही, आणि पिशवी काढल्यावरही योनीमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो. ऑपरेशन सुचवलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि करायचं ठरलं तर आधी आणि नंतर व्यायाम विचारून घ्या.

अंग बाहेर येणं, म्हणजे प्रोलॅप्स, याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात, आत असताना किंवा तोंडापर्यंत आलेलं असताना, व्यायामाने जडपणा बराच कमी होतो. पूर्ण बाहेर आलेलं व्यायामाने आत जात नाही. तिथे रिंग पेसरी असते, म्हणजे योनीत बसवायची आधाराची कडी, डॉक्टर मापाची बसवतात, किंवा ऑपरेशन. पेसरीबद्दल फार कमी बायकांना सांगितलं जातं, तुम्ही स्वतः विचारा.

भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की योनीमार्ग कोरडा, पातळ होतो, जळजळ, घाई, वारंवार इन्फेक्शन सुरू होतं. इथे नुसता व्यायाम पुरत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊ शकतात आणि दोन्ही मिळून चांगला गुण येतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर लगेच डॉक्टर, घरगुती काही नाही.

आजींसाठी माझी पहिली काळजी गळतीची नाही, पडण्याची आहे. रात्री घाईत अंधारात बाथरूमकडे जाताना पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. वाटेत रात्रीचा दिवा, धरायला दांडी, लागली तर पलंगाजवळ खुर्ची-कमोड. पायाला सूज असेल तर दुपारी तासभर पाय वर करून झोपावं म्हणजे ते पाणी रात्री उतरत नाही. लघवीची गोळी चालू असेल तर कोणत्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, श्वास सोडत, झोळी उचलत, झेपेल तितकी. सत्तरीतही स्नायू शिकतो. चुलीच्या धुराचा किंवा दम्याचा खोकला जुना असेल तर आधी खोकल्याचा इलाज करा, दिवसातून शंभरदा खोकणाऱ्या बाईची झोळी टिकणार कशी?

कुणाकडे जायचं, तिथे काय होतं

बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीच्या पदव्या) झालेली, स्त्रियांच्या आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली फिजिओ शोधा, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का ते निःसंकोच विचारा. मोठ्या शहरात सहज मिळते. तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत विचारा, तिथे खर्चही कमी येतो. पहिल्या दिवशी बराच वेळ नुसतं बोलणं असतं, मग श्वास, कंबर, खुबे, पोट बघतात. आतून तपासणी म्हणजे ग्लोव्ह घालून एका बोटाने स्नायूची ताकद आणि ताठपणा बघणं. ती तुमच्या परवानगीशिवाय होत नाही, तुम्ही नाही म्हणू शकता, मध्येच थांबवू शकता, बहिणीला आत बसवू शकता, आणि बाहेरूनही बरंच काम करता येतं. करंटची मशीन सगळ्यांना लागत नाही, ज्यांना आवळणं अजिबात जमत नाही त्यांना सुरुवातीला मदत होते. पहिल्याच दिवशी कोणी वीस मशीन सिटिंगचं पॅकेज गळ्यात घालत असेल तर थोडं थांबून विचार करा.

लघवीत रक्त, ताप आणि थंडी, लघवी एकदम तुंबणं, किंवा कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, यात व्यायाम नाही, सरळ हॉस्पिटल, बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.

आणि तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर घरीच कागदावर लिहून न्या, "शिंकताना गळतं, चार वर्षं झाली, दोन नॉर्मल डिलिव्हरी, दिवसाला दोन पॅड", एवढ्या चार ओळी, आणि आत गेल्या गेल्या, बसायच्याही आधी, तो कागद पुढे करा.